काटेझाडाभोवतीचं सूत

यंदा आमचा हॉथॉर्न उशिरा फुलला. मे महिना संपत आला तरी तो नुसत्या कळ्या धरून बसला होता, आणि मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन किचनच्या खिडकीतून त्याच्याकडे बघत बसत होते. पानांवर गंजाचे ठिपके आलेत का? खोडाला कीड लागली का? जानेवारीतल्या त्या भयंकर थंडीच्या आठवड्यात झाड आतून मेलं तर नाही? काळजी करायला मला कारण लागत नाही. विषय मिळाला की पुरतं. परवा सकाळी पडदा सरकवला तर झाड पांढरंशुभ्र झालेलं. खिडकी उघडल्याबरोबर तो वासही आत आला.

हॉथॉर्नच्या वासाला सुगंध म्हणवत नाही. वाळत घातलेल्या बोंबलांवरून वारा यावा तसं काहीतरी असतं त्यात. माश्या आणि भुंगे त्यावर तुटून पडतात. माझी मुलगी रेवा शाळेत होती तेव्हा नाक धरून म्हणायची, "ममा, युवर ट्री इज स्टिंकिंग अगेन." मला मात्र तो वास आला की खिडकीपासून हलवत नाही. काही वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा त्या वासात जसाच्या तसा शिल्लक आहे. त्यातून यंदा येत्या गुरुवारी सांगलीला आईचं ऑपरेशन आहे. पोटात गाठ निघाली आहे. "काढल्याशिवाय काही सांगता येत नाही," हे वाक्य दादानं फोनवर इतक्या सहजपणे म्हटलं, की ते त्यानं आधी दोनदा मनात म्हणून पाहिलं असणार हे मला लगेच कळलं. मी निघते म्हटलं तर म्हणाला, "आत्ता नको. घरी आणल्यावर ये, खरी माणसं तेव्हा लागतात." बरोबरच आहे त्याचं. तिकीट त्यानंतरचं काढलंय. तोवर मी आहे, खिडकी आहे, आणि फुललेलं हे झाड आहे.

आम्ही अमेरिकेत नेपरव्हिलच्या या घरात आलो तेव्हा मागे नुसतं लॉन होतं. इथून तिथून हिरवंगार, आणि त्यावर एक पाखरू उतरेल तर शपथ. मग मी दरवर्षी थोडं थोडं लॉन उकरत गेले. फुलपाखरांसाठी रुईची इथली भावंडं लावली, इथलीच रानफुलं लावली, पानगळीची पानं झाडून टाकायचं बंद केलं. शेजारी आमच्या बागेकडे, आजारी माणसाकडे बघावं तसे, हळहळून बघायला लागले. हॉथॉर्न आणायला नर्सरीत गेले तर तिथला माणूस म्हणाला, घरात मूल आहे ना, मग बिनकाट्याची जात घ्या, सगळे तीच नेतात. मी काट्यांचीच मागितली. कारण काटे हीच तर त्या झाडाची खरी देणगी. बोटाएवढे लांब आणि दाभणासारखे टोकदार. मांजर आत शिरत नाही, रात्री अंडी-पिल्लं पळवणारं रकून शिरत नाही, ससाणासुद्धा दोनदा विचार करतो. लहान पाखरांना पिल्लं वाढवायला याहून सुरक्षित जागा नाही. फळं लाल होऊन हिवाळाभर फांदीवर टिकतात, आणि बर्फात दुसरं काही उरलं नाही की पाखरांचे थवे येऊन ती खातात. सगळीकडे धोका दिसणाऱ्या बाईला काटेरी झाडच आवडणार, असं मंदार, माझा नवरा म्हणतो. एका गळून पडलेल्या काट्यानं लॉनमोअरचा टायर बसला तेव्हा तो जास्त मोकळेपणानं बोलला होता. "झाड लावलंयस की खिळे पेरलेस?"

मघाशी म्हटलेल्या त्या उन्हाळ्याआधी, एप्रिलमध्ये, आई आली ती एकटीच. बाबांनी यायचं साफ नाकारलं. बाबा निवृत्त विज्ञान शिक्षक, त्यामुळे नकारसुद्धा मुद्देसूद. "एवढा वेळ विमानात बसून यायचं आणि तिथे येऊन पुन्हा बसायचंच. त्यापेक्षा मी इथेच बसतो." आईनं बॅगा उघडायच्या आधी बाग पाहिली, आणि हॉथॉर्नसमोर येऊन थबकली.

"अगं, काटेरी झाड घराशी लावतं का कोणी? बोरी-बाभळी कुंपणाबाहेर असतात. घरात भांडणं होतात अशानं."

"आई, आमची भांडणं झाडाच्या आधीपासूनची आहेत."

ती हसली नाही. पण महिनाभरात तिला झाडाचा लळा लागला. दिवसभर आम्ही सगळे बाहेर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मागे मात्र चिमण्या, रॉबिन, लालभडक कार्डिनल यांची अखंड वर्दळ. ती खिडकीशी खुर्ची टाकून बसायची आणि संध्याकाळी मला बातम्या द्यायची. कोण कोणाशी भांडलं, कोणाच्या चोचीत किडा होता. हॉथॉर्नचं नाव तिच्या तोंडी बसलं नाही. ती त्याला काटेझाड म्हणायची, आणि आता घरातले सगळेच म्हणतात.

फुलं गळून पडली आणि वटपौर्णिमा आली. इथल्या मंडळातल्या बायका एका काकूंच्या बेसमेंटमध्ये जमतात. तिथे कुंडीतला बोन्साय वड आहे. त्याला सूत गुंडाळायचं, फोटो काढायचे, जेवायचं. मी कधीच गेले नाही, कारण माझा या गोष्टींवर विश्वास नाही. बाबांची मुलगी आहे मी. आई गेली असती, पण कुंडी म्हटल्यावर तिचं मन मोडलं. "वीतभर झाडाकडं काय आयुष्य मागायचं? त्यालाच रोज कुणी पाणी घालायला लागतं." सांगलीत बायका वडाच्या फांद्या तोडून आणतात, तेही तिला कधी पटलं नव्हतं. जिवंत झाडापाशी चालत जायचं, हा तिचा हट्ट. मग नाश्त्याला तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझं काटेझाड किती जगतं गं?"

"माणसापेक्षा जास्त. दुष्काळात टिकतं, बर्फात टिकतं."

"झालं तर मग."

त्या सकाळचं दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हिरव्या काठापदराच्या साडीवर माझं करडं जॅकेट, पायात रेवाचे बूट, हातात ताम्हन. झाडाखाली पाकळ्यांचा सडा. फांद्या खाली वाकलेल्या, त्यामुळे तिला कमरेत लवून फेरी घ्यावी लागत होती. दर फेरीला पदर काट्यात अडकायचा, ती थांबून तो सोडवायची, पुटपुटायची आणि पुढं जायची. पांढरं सूत कधी खोडाभोवती तर कधी खालच्या फांदीवरून जात होतं. इंडियन स्टोअरमधला मेक्सिकोचा आंबा तिनं बुंध्याशी ठेवला, तो दुपारपर्यंत रकूननं पळवला. संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, बाबांना फोन लागला.

"बांधलंस का मला?" बाबा दरवर्षी हेच विचारायचे.

"बांधलं."

"अमेरिकेत बांधलंस म्हणजे आता पळायला व्हिसा लागणार."

आई खोटं खोटं रागावली. फोन ठेवल्यावर बराच वेळ हसत होती.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी रॉबिननं त्या झाडात घरटं बांधायला घेतलं. इथे रॉबिन म्हणजे तांबूस पोटाचा, आपल्या साळुंकीएवढा पक्षी. चिखल आणि वाळलेलं गवत चोचीतून आणून मादी वाटीसारखं घरटं लिंपते. त्यात तिनं सुताचं एक सुटलेलं टोकही ओढून घेतलं होतं. आम्हाला ते दिसलं, आणि कौतुकच वाटलं. आईला तर फारच. "माझं सूत बाळंतिणीच्या कामी आलं," असं तिनं फोनवर सांगलीला सांगितलं. दोऱ्या-सुतळ्यांनी पाखरांचा घात होतो हे तेव्हा आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. बाळंतिणीला त्रास नको म्हणून आईनं खिडकीजवळ मिक्सर लावायला बंदी केली. चटणी मी बाथरूममध्ये मिक्सर नेऊन वाटली आहे.

हे लिहायला घेतलं तेव्हा सोमवार होता. आज बुधवार. आईशी सकाळी बोलणं झालं. ती माझीच समजूत घालत होती. "एवढीशी गाठ आहे गं, लिंबाएवढी." मग तिनं विषय बदलला. फुललं का झाड? बांधतंय का कोणी घर? मी म्हटलं, रॉबिनच्या खेपा चालू आहेत. "दोरे-बिरे पडले असतील तर उचल," ती म्हणाली. दर वर्षी सांगते. दर वर्षी मी मार्चमध्ये बर्फ वितळलं की बागेतून हिंडून एकूण एक दोरा, सुतळी, पतंगाची शेपटी उचलते. शेजाऱ्यांच्या हळहळीत त्यामुळे भरच पडली असेल.

त्या उन्हाळ्यात अंडी फुटून पिल्लं बाहेर आली आणि त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखलं होतं. तपासण्या झाल्या, तीन रक्तवाहिन्या बंद निघाल्या, बायपास लगेच करायला हवी. आईचं तिकीट मिळालं ते ऑपरेशनच्या नंतरचं. ते दिवस ती कशी जगली, मला सांगता येणार नाही. ती रडली नाही. डाळी निवडायची, निवडलेल्या पुन्हा निवडायची. खिडकीशी बसायची. सकाळी पिल्लांना चारा मिळाला की स्वतः चहा घ्यायची, त्याआधी नाही.

ऑपरेशन मंगळवारी होतं. दुपारी नेणार होते, ते लांबत गेलं. तिकडे ऊन कलतीला आलं आणि इकडे आमची सकाळ उजाडली, तेव्हा दादाचा मेसेज आला, आत नेलं. मी कामावर सुट्टी टाकली होती. आई खिडकीशी होती. थोड्या वेळानं तिनं मला हाक मारली, पण नावानं नाही. नुसतं "अगं, अगं" करत होती.

घरट्याच्या काठावरून एक पिल्लू खाली लोंबत होतं. पायाला सुताचा वेढा बसला होता. सुताचं एक टोक घरट्याच्या चिखलात, दुसरं खाली खोडाभोवती घट्ट. पिल्लू फडफडलं की दोरा आणखी आवळायचा. आई-रॉबिन या फांदीवरून त्या फांदीवर उडत नुसती ओरडत होती.

मी स्टूल, कातरी, बागेचे हातमोजे घेऊन धावले. स्टुलावर चढले. खोडाकडून वर गेलेला दोरा समोर ताणलेला होता, कापायचा तेवढा अवकाश. आणि माझा हात चालेना. नवस, व्रत, सूत यांच्यावर आयुष्यभर वाद घालणारी मी, माझ्या डोळ्यांपुढे सांगलीतलं ते टेबल आलं. या मिनिटाला बाबांची छाती उघडलेली असेल. या मिनिटाला मी त्यांच्या नावानं बांधलेला दोरा कापू? मला भीती वाटली. खरीखुरी भीती. मी आईकडे वळून कसंबसं म्हटलं, "आई, तिकडचा फोन येऊ दे का? मग कापू."

"तोवर हे राहील का?"

मी पुन्हा दोऱ्याकडे पाहिलं, कातरी तशीच धरून.

"उतर खाली," आई म्हणाली.

सत्तरीची बाई, गुडघे दुखरे, नाइटगाऊनवर स्वेटर घातलेला. तिनं हातमोजे नको म्हटले, त्यांनी दोरा हाताला लागत नाही म्हणाली. मी तिला कमरेला धरलं होतं. तिचे हात काट्यांत शिरले आणि मनगटावर लाल रेघा उमटल्या, पण ती थांबली नाही. तिनं आधी खालचा दोरा कापला. मग पिल्लू ओंजळीत घेऊन पायाचा वेढा इतक्या हळू सोडवला, की मला वाटलं ती विसरली आपण कुठे आहोत ते. रॉबिन तिच्या डोक्यावर झेपावत होती. "हो गं बाई, देते, देते तुझं तुला," असं तिला म्हणत आईनं पिल्लू घरट्यात ठेवलं. खाली उतरली, आणि मग खोडाभोवतीचं सगळं सूत उलट्या फेऱ्या घेत उलगडलं. त्याची गुंडी केली आणि गाऊनच्या खिशात टाकली.

"आयुष्यच मागितलं होतं ना मी?" ती म्हणाली. "मग ते कुणाचं का असेना."

हे वाक्य ऐकून मला धीर आला, असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. पण त्यानंतरचं सहसा सांगत नाही. आत येऊन मी तिच्या हातांना हळद लावली. ती फोनसमोर बसून राहिली. आमच्या गावात महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला वादळाच्या भोंग्यांची चाचणी होते. तिला ते माहीत होतं, आधी ऐकलंही होतं. पण त्या दिवशी भोंगा सुरू झाला आणि तिनं माझं मनगट गच्च धरलं. सगळं आकाश रडल्यासारखं वाजत होतं. तो आवाज चालू असतानाच ती म्हणाली, "मी तोडायला नको होतं का गं?"

मी "काहीतरीच काय!" म्हणाले, नको इतक्या मोठ्यानं. तिला कळलं असणार. मी तिचीच मुलगी आहे, माझ्या आवाजातलं तिला सगळं कळतं.

मग फोन आला. दादा रडत होता म्हणून आधी आमचा जीवच गेला. पण तो सुटकेचं रडत होता. झालं, नीट झालं, बाहेर आणलंय. आईनं फोन माझ्या हातात दिला, उठून खिडकीशी गेली आणि म्हणाली, "पाय हलवतंय का ते, बघ जरा. मला काही दिसत नाहीये." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, मग दिसणार काय. दोनच दिवसांनी ती सांगलीला परत गेली. आठवड्याभरात पिल्लंही उडाली. त्यातलं आमचं कुठलं, ते मला ओळखता आलं नाही.

बाबांना तिनं पुढे कधीतरी सगळं सांगितलं. तेव्हापासून वटपौर्णिमेला ती सांगलीतल्या जुन्या वडाशी जाते, पण सूत नेत नाही. खोडाला हात लावून नुसती फिरते. बाकीच्या बायका बघतात. बघू देत म्हणते.

आज गुरुवार. पहाटे उजाडता उजाडता फोन वाजला तेव्हा मी जागीच होते. बाबांचा होता. बाबा स्वतःहून कधी फोन करत नाहीत.

"काही झालं नाही," ते आधीच म्हणाले. "नेलंय आत आत्ताच. दादा तिथे आहे. मला घरी बसवून गेलाय."

"बाबा, चहा घेतलात?"

"घेतला. ते तुझं झाड फुललंय म्हणालीस ना?"

"हो."

बाबांनी कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग घसा खाकरला. विज्ञानाच्या मास्तरांना वर्गात उत्तर आलं नाही की असेच खाकरत असतील. "तुझी आई इतकी वर्षं माझ्यासाठी फिरली. मी चेष्टा करत राहिलो. आता सकाळपासून बघतोय, बायकोसाठी नवऱ्यानं काय करायचं असतं, तर काहीच नाही. कुणी ठेवलंच नाही काही."

मी फोन घेऊन खिडकीशी गेले.

"मला जिना उतरू देत नाहीत हे लोक," बाबा म्हणाले. "तू मार एक फेरी माझ्या नावानं. सूत नको हं."

मी तशीच बाहेर पडले. गवत दवानं ओलं, पायांत चपला. रॉबिन फांदीवर होती. तिनं मला पाहून ओरडा केला. तिला मी धोकाच वाटले असणार, आणि तिचं काही चुकलं नाही. पाकळ्या गळायला लागल्या होत्या. तो वास अंगावर आला. मी वाकून, खालच्या फांद्या चुकवत, फिरायला लागले. एक फेरी सांगितली होती. ती संपली तरी मी थांबले नाही.

किती फिरले कुणास ठाऊक. फोन खिशात होता, तो वाजत नव्हता. शेवटी स्वेटरची बाही काट्यात अडकली म्हणून थांबावं लागलं. ओढली तर बाही सुटली, पण लोकरीचा एक धागा उसवून काट्यावरच राहिला. वाऱ्यावर हलत होता. रॉबिन त्याच्याकडेच बघत होती.

मी परत वाकले, काट्यांत हात घातला, धागा टोकापर्यंत सोडवला, आणि खिशात टाकला.